'ऊन मी म्हणतंय' : इंग्रजीच्या तासाचा एक मराठी इतिहास



मे महिन्यात नागपुरात कुणालाही विचारा, 'काय म्हणता?' उत्तर ठरलेलं असतं : 'काय सांगू, ऊन नुसतं मी म्हणतंय.' सहावीतलं पोरगंही हे सहज बोलतं. पण तेच पोरगं पुढे इंग्रजीच्या पेपरात 'पर्सॉनिफिकेशन'चं उदाहरण लिहायला बसलं की अडतं. गाइडमधलं पाठ केलेलं वाक्य आठवलं तर ठीक, नाहीतर मार्क गेले. उन्हाच्या तोंडी 'मी' घालणं म्हणजेच पर्सॉनिफिकेशन, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. घरात असलेली वस्तू तो बाजारात उधार मागत असतो. हे असं का झालं, याचा थोडा इतिहास आज आपण पाहू.

आपल्या शहरापासून सुरुवात करू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूर भागात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची शाळा सुरू झाली. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. 1854 मध्ये ते खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनली. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्या आल्या की कारकून आले. इंग्रजी शिकलेल्याला सरकारी नोकरीत प्राधान्य, हे धोरण कंपनी सरकारने 1844 मध्येच जाहीर केलं होतं. 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं, 1885 मध्ये मॉरिस कॉलेज. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1923 साली. तोवर इथल्या मुलांच्या परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाच्या.

आता विचार करा. पेपर काढणारा दूर, तपासणारा दूर, आणि मुलांच्या मातृभाषा निरनिराळ्या. कुणाची बंगाली, कुणाची हिंदी, कुणाची मराठी. अशा परीक्षेत मुलाच्या भाषेच्या आधाराने प्रश्न विचारता येतच नाही. मग काय विचारता येतं? हे वाक्य पॅसिव्हमध्ये लिहा. सिम्पलचं कॉम्प्लेक्स करा. अलंकार ओळखा. उत्तर एकच, तपासायला सोपं.

या गरजेतून पुस्तकंही निघाली. उत्तर हिंदुस्थानात शिक्षणखात्यात असलेल्या नेस्फील्ड यांची व्याकरणमाला 1890 च्या दशकात आली आणि देशभर चालली. 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन आले. यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. साहसकथांचे लोकप्रिय कादंबरीकार पी. सी. रेन ते हेच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या व्याकरणाची कव्हर निघालेली प्रत अजून असेल.

गंमत अशी, की ही चौकट मुळात इंग्रजीचीही नव्हती. इंग्रजांनी आपलं व्याकरण लॅटिनच्या साच्यावर बेतलं होतं. अलंकारांची यादी त्यांनी ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रातून घेतली होती. म्हणजे उसन्याचंच उसनं आपल्यापर्यंत आलं.

पण मराठी नुसती घेत बसली नाही. या तासाने मराठीत बरंच काही घडवलं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हं मराठीत रुजवणाऱ्यांत मेजर कँडी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये निघालं, तेही बरंचसं इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. 'रामाने रावणाला मारलं' म्हणणारी आपली भाषा पुढे 'रावण रामाकडून मारला गेला' असंही म्हणायला लागली. ही रचना इंग्रजी पॅसिव्हच्या वळणाची. आपल्या शालेय व्याकरणांत तिला 'नवीन कर्मणी' म्हणतात.

अलंकारांचंही तसंच. संस्कृत अलंकारशास्त्रात पर्सॉनिफिकेशनच्या जवळचा अलंकार म्हणजे समासोक्ती, पण दोन्ही अगदी एक नव्हेत. म्हणून मराठीत 'चेतनगुणोक्ती' हे नाव रूढ झालं, हिंदीत 'मानवीकरण'. आपल्या नागपुरात तर एकाच गल्लीतली दोन मुलं एकाच गोष्टीला ही दोन नावं देतात, आणि इंग्रजीच्या तासाला दोघंही तिसरं नाव पाठ करतात!

आता दोन भावांची गोष्ट सांगतो. थोरले कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत. जन्म 1866 चा. विद्यार्थिदशेत ते काही काळ नागपुरात होते. ना. वा. टिळकांशी त्यांची ओळख इथलीच. पुढे ते शाळामास्तर झाले. इंग्रजी कवितेतला चौदा ओळींचा सॉनेट त्यांनी मराठीत आणला. त्यालाच आपण सुनीत म्हणतो. धाकटे मोरो केशव दामले उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवत. 1911 मध्ये त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालं. आधीच्या व्याकरणकारांनी काही गोष्टी संस्कृतवरून घेतल्या, काही इंग्रजीवरून. मोरो केशवांनी प्रत्येक ठिकाणी विचारलं, की हे मराठीला लागू पडतं का?

दोघंही याच इंग्रजी शिक्षणातून गेलेले. एकाने कवितेचा घाट घेतला, दुसऱ्याने वाक्याची चिकित्सा. दोघांनीही इंग्रजीतलं शिकलेलं मराठीशी ताडून पाहिलं. तो तास त्यांना फळला, तो या ताडून पाहण्यामुळे, असं माझं मत आहे.

आमच्या वर्गात हे ताडून पाहणं नव्हतं. मास्तर फळ्यावर लिहायचे : 'ॲज सून ॲज काढा, नो सूनर घाला, मग डिड, मधे दॅन.' आम्ही शंभर वाक्यं अशी उलटीपालटी केली. मार्क मिळाले. पण 'नो सूनर' म्हणजे काय, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, तेही एकदा स्वतःशीच मराठीत बोलताना. 'घंटा वाजताच मुलं पळाली' हे झालं ॲज सून ॲज. आणि 'घंटा वाजली न वाजली तोच मुलं पळाली' हे झालं नो सूनर! आपल्या आज्या रोज अशी वाक्यं बोलतात. 'दूध उतू जाते न जाते तोच हा दारात हजर.' अर्थातला तो बारीक फरक मला जन्मापासून येत होता. वर्गात मला तो येत नाही असं धरून शिकवलं गेलं.

काही म्हणतील, मराठीचा आधार दिला तर मुलं भाषांतर करूनच बोलतील. ही भीती अगदीच खोटी नाही. 'मला दोन भाऊ आहेत' याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर ते फसतंच. पण ते का फसतं, हे सांगायलाही दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवावी लागतात. मराठीत भाऊ 'असतात', इंग्रजीत माणसाजवळ भाऊ 'हॅव' होतात.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. आता वाडीवस्तीवरच्या शाळेतलं मूलही सहाव्या वर्षी या तासाला बसतं. ज्याच्या घरी इंग्रजी आहे, ते तरून जाईल. ज्याच्या घरी नाही, त्याच्याजवळ भांडवल एकच आहे : त्याची बोली. ती वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावली, तर दहा वर्षं रिकाम्या जागा भरूनही त्याचं इंग्रजी रिकामंच राहील. आणि तो समजेल, की आपलंच डोकं कमी.

इथे शिक्षक मंडळी बरीच दिसतात. एक विनंती आहे. पुढच्या वेळी अलंकार शिकवताना फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहिण्याआधी मुलांना विचारा, बाहेर ऊन कसं आहे रे? उत्तर येईलच. तिथून सुरुवात करा.