वाकडा जबडा सरळ करण्याची गोष्ट

आज आपण दाताच्या तारा आणि जबड्याचं ऑपरेशन यांचा इतिहास ऐकणार आहोत. धान, मोहफूल आणि बचत गटाच्या कर्जाच्या गोष्टींमध्ये हा विषय कुठून आला, असं काही जणींना वाटेल. पण गटांच्या बैठका संपल्या की बाया आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतात. खालचा जबडा पुढे आहे, समोरच्या दातांनी भाकरी तुटत नाही, वय पस्तीस झालं, आता तार लावून काही होते का? डॉक्टर ऑपरेशन सांगतात, ते खरंच लागते का? आणि घरचे म्हणतात, लग्न झालं, लेकरं झाली, आता कोणाला दाखवायचं आहे?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात चांगलं सापडतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सन १७९२ ची गोष्ट. टिपू सुलतान आणि इंग्रज यांची लढाई चालू होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवीन नाक बसवून दिलं. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीतला होता. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा केला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. दोन भुवयांच्या मधली कातडीची एक पट्टी मात्र त्याने तोडली नाही, कारण तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळत होतं. सांधा धरून ठेवायला त्याने पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावला. चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या पट्ट्या ठेवल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली.

मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून लंडनच्या कारप्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली तसंच ऑपरेशन केलं आणि तिथून ही रीत युरोपभर गेली. कावसजीचं नाव छापलं गेलं, कारागिराचं नाव मात्र त्या लेखात नाही. आपल्या गावातल्या सुईणींची आणि हाडवैद्यांची नावं कुठे लिहिलेली असतात, ते आपल्याला माहीतच आहे.

नाक झालं, ते कातडीचं काम. जबडा म्हणजे हाड. ते कापून पुन्हा जोडायची हिंमत कोणी केली? अमेरिकेत १८४९ साली हलिहेन नावाच्या डॉक्टरांनी. आणि त्यांची पेशंट कोण होती? वीस वर्षांची एक बाई. लहानपणी, पाच वर्षांची असताना ती भाजली होती. गळ्याची कातडी आखडत गेली आणि तिने वाढता जबडा खाली पुढे ओढून धरला. पंधरा वर्षांत खालचा जबडा लांब झाला, ओठ उलटा पडला, तोंड मिटेना. हलिहेन यांनी जबड्याच्या हाडाचा पाचरीसारखा तुकडा काढून समोरचे दात मागे आणले, मग गळ्याचा आणि ओठाचा भाग सुधारला. जबड्याची ठेवण सुधारण्यासाठी केलेलं हे जगातलं पहिलं नोंदलेलं ऑपरेशन मानतात.

चुलीशेजारी भाजलेल्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जखम भरली की घरच्यांना वाटतं, सुटलो. पण लेकरू वाढत असते आणि आखडलेली कातडी वाढत नाही. म्हणून गळ्याला, हनुवटीला भाजलेल्या मुलीला जखम भरल्यावरही वर्षानुवर्षं डॉक्टरांना दाखवत राहायचं असतं. त्या बाईचा जबडा जन्मतः वाकडा नव्हता.

आता तारांकडे येऊ. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल या दंतवैद्यांनी १८९९ साली दातांच्या चुकीच्या बैठकीचे तीन प्रकार ठरवून दिले. आजही डॉक्टर तेच तीन प्रकार सांगतात. सोप्या भाषेत असं: वरच्या आणि खालच्या दाढा नीट बसतात पण दात गर्दीने वाकडे आहेत, हा पहिला. खालची बत्तिशी मागे राहते, हा दुसरा. खालची बत्तिशी पुढे येते, हा तिसरा.

तार दाताला कशी हलवते? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक दोऱ्यांचं आवरण असतं. तारेने हलका पण सतत जोर दिला की ज्या बाजूला दात दाबला जातो तिथलं हाड झिजतं आणि मागे रिकाम्या झालेल्या बाजूला नवीन हाड भरतं. ही क्रिया आयुष्यभर चालू असते. म्हणून हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतही तार काम करते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. साधारण दीड ते दोन वर्षं, कधी त्याहून अधिक. हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी हिरडीचा इलाज आणि मग तार.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा चढवावा लागायचा. १९५५ साली बुओनोकोर या डॉक्टरांनी दाखवलं की दाताचा वरचा थर सौम्य आम्लाने थोडा खरबरीत केला तर त्यावर चिकटद्रव्य घट्ट बसतं. त्यातून पुढे दातावर छोटी चकती चिकटवण्याची पद्धत आली. ती सुटसुटीत असल्यामुळे मोठ्या वयाची माणसंही तार लावून घ्यायला पुढे येऊ लागली.

पण तार दात हलवते, जबडा नाही. लेकरू वाढत असते तोपर्यंत जबड्याच्या वाढीला थोडं वळण देता येतं. वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण अठरा वर्षांनंतर, जबड्याचं हाडच पुढे किंवा मागे असेल तर ते फक्त ऑपरेशनने हलतं. डॉक्टर दोन्ही का सांगतात, याचं कारण हेच. आधी तारेने दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे करायचे, मग ऑपरेशनने जबडे एकमेकांवर बसवायचे, मग पुन्हा काही महिने तार. मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा जास्त वाकडा वाटू शकतो. हे आधी सांगितलेलं नसलं की बाया घाबरतात आणि इलाज मध्येच सोडतात.

आजची ऑपरेशनची रीत मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे डॉक्टर ओबवेगेसर यांच्या कामावर उभी आहे. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला उभं चिरून दोन फळ्या एकमेकींवर सरकवायच्या, ही पद्धत त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. हे सगळं तोंडाच्या आतून होतं, गालावर व्रण राहत नाही. वरचा जबडा सोडवला तर तो जिवंत राहील का, ही शंका होती. अमेरिकेतल्या डॉक्टर बेल यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिलं की टाळू आणि हिरडीची जोड टिकवली तर हाडाला रक्त मिळत राहतं. पुण्याजवळच्या त्या कारागिरालाही कातडीची पट्टी न तोडण्याचं महत्त्व कळलं होतं.

पूर्वी ऑपरेशननंतर दोन्ही जबडे सुमारे सहा आठवडे तारेने बांधून ठेवत. आता छोट्या पट्ट्या आणि स्क्रू लावतात, त्यामुळे तोंड लवकर उघडता येतं. तरी काही आठवडे पातळ आणि मऊ जेवण घ्यावं लागतं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकींची संवेदना हळूहळू परत येते, काहींची थोडी बधिरता कायम राहते. हे आधीच विचारून घ्यायचं.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या. इथे चेहरा आणि जबडा फाटण्याचं एक जुनं कारण म्हणजे अस्वल. मोहफूल वेचताना, तेंदूपाने तोडताना माणूस खाली वाकलेला असतो आणि अस्वल थेट तोंडावर येते. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा तिथे ना वीज होती ना धड रस्ता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या त्या दवाखान्यात अस्वलाने फाडलेले चेहरे घेऊन माणसं येत आणि तिथेच टाके पडत. चेहऱ्याची दुरुस्ती ही चैनीची गोष्ट नाही, हे आपल्या जंगलाने फार आधी दाखवलं आहे.

दुसरं कारण अस्वलापेक्षा मोठं आहे आणि ते आपण पैसे देऊन विकत आणतो. खर्रा. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच बायांची हकीकत मांडली. त्यांच्या तोंडाची आतली कातडी पांढरी, कडक होत गेली होती आणि तोंड उघडेनासं झालं होतं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. जोशी यांनी अशाच रोग्यांचा अभ्यास छापला. पुढे संशोधकांनी कारण पक्कं केलं. ते कारण म्हणजे सुपारी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलं की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते. म्हणजे 'मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खाते' हे म्हणणं टिकत नाही.

याचा तारांशी आणि ऑपरेशनशी काय संबंध? फार जवळचा. आत्ताच ऐकलं की जबड्याचं सगळं काम तोंडाच्या आतून होतं. तोंड उघडत नसेल तर तार लावणारा हात आत जात नाही, दाढ नीट साफ होत नाही, भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड होतं. दोनशे वर्षांत माणसाने जे शिकलं त्याचं दारच खर्रा बंद करतो. कडक झालेले पट्टे ऑपरेशनने कापता येतात, पण नंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम केला नाही किंवा खर्रा परत सुरू केला तर तोंड पुन्हा बंद होतं.

घरी करायची एक साधी तपासणी ऐका. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली, किंवा तिखट लागताच तोंडात आग होत असेल, तर दवाखान्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

या लढाईत आपल्या बाया मागे नव्हत्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये चंद्रपूरलाही दारूबंदी आली. २०२१ मध्ये ती उठवली गेली, ते दुःख ताजं आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली आणि २०१६ पासून गडचिरोलीत मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखू या दोन्हींवर गावोगाव काम करतं. दारूसाठी आपण रस्त्यावर उतरलो. खर्रा मात्र आपल्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत आहे, म्हणून त्याच्यावर बोलताना आवाज खाली जातो.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. तार म्हणजे महिन्या-दीड महिन्याला एक खेप. सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूर गाठायचं तर जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून सुरू करण्याआधी रोवणी, मोह आणि तेंदूचा हंगाम धरून डॉक्टरांशी तारखा बोलून घ्या. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. तिथे तारेचे आणि जबड्याचे डॉक्टर एका छताखाली भेटतात.

सरकारी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अपघात, जन्मजात दोष आणि दिसण्यासाठीचा इलाज यांचे नियम वेगळे असतात. आपलं ऑपरेशन कशात बसतं हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे नंतर काढा. लेकराचा ओठ किंवा टाळू फाटलेला असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला दाखवा. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला.

आणि डॉक्टरांना हे चार प्रश्न नक्की विचारा. तारेने भागेल का, की ऑपरेशन लागेलच? काहीच केलं नाही तर पुढे काय होईल? किती खेपा आणि एकूण किती खर्च? ओठ बधिर राहिला तर किती दिवस? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. सोबत गटातली एक मैत्रीण न्या, दोघींना मिळून जास्त लक्षात राहतं. थोडा वाकडा दात असून खाणं, बोलणं ठीक असेल तर काहीच न करण्याचा निर्णयही चांगला असू शकतो.

आता 'कोणाला दाखवायचं आहे' याचं उत्तर. कावसजी बैल हाकणारा होता, लढाई संपली होती, त्याला कोणत्या दरबारात जायचं नव्हतं. तरी तो नाकासाठी कपाळ कापून घ्यायला तयार झाला. त्या भाजलेल्या बाईला तोंड मिटून घास गिळायचा होता. चावणं, बोलणं, तोंड मिटून झोपणं हे ज्याचं त्याचं असतं, आणि पस्तिशीतल्या बाईपुढे अजून तीस-चाळीस वर्षांच्या भाकरी खायच्या असतात. हे वाक्य घरी सांगून बघा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने तीन बोटांची तपासणी करावी, सासू, सून आणि घरच्या पुरुषांचीही करून घ्यावी, आणि किती जणांची तीन बोटं जात नाहीत ते गटाच्या वहीत लिहावं. ती वही घेऊन आशाताईंकडे जा.