लसीकरण, कुत्र्या-मांजरांचे

पाळीव कुत्र्या-मांजरांना संसर्गजन्य रोग होऊ नयेत म्हणून ठरावीक वयात व ठरावीक अंतराने लस टोचणे. कुत्र्यांना मुख्यतः रेबीज (अलर्क), डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतशोथ व लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्ध, तर मांजरांना रेबीज, पॅनल्युकोपेनिया, हर्पीस व कॅलिसी यांविरुद्ध लशी देतात. यांपैकी रेबीज आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हे माणसालाही होतात. दवाखान्यात ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी नावे कानावर येतात. ती एकाच इंजेक्शनात एकत्र केलेल्या लशींची आहेत. रेबीजची लस बहुधा वेगळी असते.

लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस टोचली, त्याआधी तिचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. पण कुत्र्यांच्याच आजारासाठी मोठे संशोधन उभे राहिले ते डिस्टेंपरमुळे, आणि तेही इंग्लंडातल्या शिकारी कुत्र्यांच्या मालकांनी पैसा उभा केला म्हणून. आंरी कारे यांनी हा रोग विषाणूमुळे होतो असे १९०५ मध्ये दाखवले होते. पुढे ‘द फील्ड’ या नियतकालिकाने निधी जमवला आणि लंडनजवळच्या मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ व जॉर्ज डंकिन यांनी १९२० च्या दशकात लस तयार केली. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याला डिस्टेंपर सहज होतो, हे त्यांच्या कामात फार उपयोगी पडले. त्याच फेरेटांवर १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू ओळखला गेला. कुत्र्यांसाठी गोळा झालेली वर्गणी अशी माणसांच्याही कामी आली.

पार्व्हो हा त्या मानाने नवा रोग. तो १९७८ च्या सुमारास अचानक जगभर दिसू लागला. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावत. याचा विषाणू मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूचा जवळचा नातलग असल्याने, कुत्र्यांची लस येईपर्यंत मांजरांची लस कुत्र्यांना टोचण्यात आली. हे विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ज्या घरात पार्व्होने एक पिल्लू गेले, तिथे लगेच दुसरे आणणे म्हणूनच धोक्याचे.

लसीकरणाचे वेळापत्रक नीट कळायचे तर आईचा चीक ध्यानात घ्यावा लागतो. जन्मानंतर पहिल्या दिवशी प्यायलेल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ती काही आठवडे पिल्लाला वाचवतात, पण टोचलेली लसही निकामी करतात. पुढे ती ओसरत जातात, आणि मध्ये असा काळ येतो की रोग अडवण्याइतकी प्रतिपिंडे उरलेली नसतात, लस अडवण्याइतकी मात्र असतात. हा काळ प्रत्येक पिल्लात, एकाच वेतातल्या भावंडांतही वेगवेगळ्या वयात येतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू निदान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, मात्रा देत राहतात. यांना ‘बूस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. आधीची मात्रा लागू पडली नसण्याची शक्यता धरून केलेले हे पुन्हापुन्हाचे प्रयत्न असतात. ‘तीन इंजेक्शने झाली’ म्हणून दहाव्या-बाराव्या आठवड्यात थांबणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर. शेवटची मात्रा कोणत्या वयात दिली, हे मात्रा किती झाल्या यापेक्षा महत्त्वाचे.

लघुप्राणी पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत, सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक मात्रा द्यावी असे सुचवले आहे. त्यानंतर डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतशोथ यांच्या जिवंत लशी तीन वर्षांतून एकदा पुरतात. लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचा परिणाम मात्र वर्षभरच टिकतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात साचणारे पाणी पाहता ती चुकवू नये. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत सगळ्याच लशी दरवर्षी देण्याचा प्रघात आहे.

रेबीजची लस मृत विषाणूची असते. पहिली मात्रा साधारण बाराव्या आठवड्यात, दुसरी वर्षाने आणि पुढे लशीच्या प्रकाराप्रमाणे व स्थानिक नियमांप्रमाणे देतात. इतर लशी जनावरासाठी, ही माणसासाठीही. जुन्या पिढीला आठवणारी कुत्रा चावल्यावर माणसाच्या पोटात दिली जाणारी चौदा इंजेक्शने कसौलीत तयार झालेल्या सेंपल लशीची. मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली ती लस आता माणसांसाठी वापरत नाहीत. माणसातला रेबीज थांबवायचा तर कुत्र्यांनाच टोचावे लागते, आणि सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. याचा जवळचा पुरावा गोव्यात आहे. तिथे ‘मिशन रेबीज’ ही संस्था व राज्य शासन यांनी २०१३ पासून राबवलेल्या मोहिमेत पाळीव व भटक्या मिळून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस देण्यापर्यंत मजल गेली. २०१९ पर्यंत कुत्र्यांतल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, माणसांतले मृत्यू थांबले. तरी कुत्र्याला लस दिली आहे एवढ्यावर विसंबून चाव्याकडे दुर्लक्ष करू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून दवाखाना गाठावा.

मांजरांच्या बाबतीत पॅनल्युकोपेनियाची लस जवळजवळ पूर्ण संरक्षण देते. हर्पीस व कॅलिसीची लस आजार सौम्य करते, संसर्ग हमखास अडवत नाही. टोचलेल्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होते, हे १९९१ मध्ये अमेरिकेत लक्षात आले. त्यामुळे मानेऐवजी पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचण्याचा सल्ला देतात, म्हणजे गाठ झालीच तर तो अवयव काढून जीव वाचवता येतो.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. औषधाच्या दुकानातून कुपी घेऊन उन्हातून खिशात आणायची आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची, ही सवय म्हणूनच वाईट: टोचल्याची नोंद होते, पण आतली लस जिवंत असेलच असे नाही. टोचल्यावर एखादा दिवस सुस्ती चालते. तोंड सुजणे, धाप लागणे हे तातडीचे लक्षण, म्हणून अर्धा तास दवाखान्यात थांबावे. ताप असलेल्या जनावराची लस पुढे ढकलतात.

प्रत्येक मात्रेची तारीख आणि कुपीवरचे लेबल पुस्तिकेत लावून घ्यावे. पालिकेचा परवाना काढताना रेबीजची नोंद दाखवावी लागते. युरोपात जनावर नेणाऱ्यांसाठी क्रम ठरलेला आहे: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर निदान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने प्रतीक्षा. चिप बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस तिथे धरली जात नाही.