कोरेगाव भीमा आणि अर्थपरिवर्तन

कोरेगाव भीमा हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी येथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य यांच्यात लढाई झाली. या लढाईच्या स्मृतीभोवतीच्या वादांत अनेक मराठी शब्दांचे अर्थ पालटले आहेत.

गावाचे नावही त्यातून सुटलेले नाही. कोरेगावे अनेक असल्याने ओळखीसाठी नदीचे नाव पुढे जोडले गेले. सार्वजनिक व्यवहारात मात्र ‘भीमा कोरेगाव’ हा क्रम रूढ झाला आणि आंबेडकरी जनतेला त्यातील ‘भीमा’त भीमरावांच्या नावाचा नाद ऐकू येतो. आज ‘भीमा कोरेगाव प्रकरण’ म्हणताना गाव क्वचितच कोणाच्या मनात असते. ज्या स्तंभापाशी दरवर्षी १ जानेवारीला जनसागर लोटतो, तो तर नदीपलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे येथे आहे.

स्तंभ कंपनी सरकारने आपल्या सैन्याच्या गौरवार्थ उभारला. लष्करी निकाल तितका निर्विवाद नव्हता: कंपनीच्या तुकडीने गाव राखले आणि पेशव्यांचे सैन्य पुढे निघून गेले. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची, नावे बरीच आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भेट दिली. पुढे ‘विजयस्तंभ’ या शब्दातील विजयाचा धनीच बदलला. तो साम्राज्याचा न राहता अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या राहिलेल्यांचा झाला. हा अर्थ अमान्य असणारे कंपनीच्या विजयाकडे बोट दाखवतात. ‘जयस्तंभ’ आणि ‘रणस्तंभ’ ही नावेही प्रचारात आहेत; त्यांपैकी ‘रणस्तंभ’ जय कोणाचा, याविषयी मौन पाळतो.

‘पेशवाई’ हा शब्द फारसी ‘पेशवा’ म्हणजे अग्रणी यावरून आला. लग्नसमारंभात आजही ‘पेशवाई थाट’ मिरवतो. आंबेडकरी लेखनात तोच शब्द जातिवर्चस्वाचा वाचक आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेत ‘नवी पेशवाई’ हा शब्दप्रयोग तत्कालीन राजवटीला उद्देशून झाला. दुसऱ्याच दिवशी लढाईच्या द्विशताब्दीला हिंसाचार झाला व त्यात एका तरुणाचा मृत्यू झाला.

‘एल्गार’ म्हणजे मुळात जोराची चढाई. जून २०१८ पासून अटका सुरू झाल्यावर वृत्तपत्रांत ते एका खटल्याचे नाव बनले. आरोपींना लावलेले ‘शहरी नक्षलवादी’ हे विशेषणही खटला सुनावणीस येण्याआधीच बोलीत शिवीसारखे वापरले जाऊ लागले.