शाळेच्या छपराची भिशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, ‘स्वयं-विमा’ हा शब्द कानाला बोजड लागतो, पण त्याचा अर्थ आमच्या मोहल्ल्यातल्या कुणालाही कळेल. विमा कंपनीच्या दारात न जाता आपणच दरवर्षी थोडे थोडे बाजूला टाकायचे आणि ज्याचे छप्पर जाईल त्याला त्यातून द्यायचे. बायका भिशी लावतात तसेच हे. फरक इतकाच, की इथे चिठ्ठी आगीच्या किंवा वादळाच्या नावाने निघते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९११ साली असा निधी उभारला. शहरे, खेडी, ग्रंथालये आणि सार्वजनिक शाळा चालवणारी मंडळे त्यात स्वखुशीने सभासद होत. शाळेत धुराची सूचना देणारी घंटा बसवली, तर तिच्या प्रकारानुसार हप्त्यात ५, १० किंवा १५ टक्के सूट मिळे. मला ही सवलत फार आवडते. शाळा जळूच नये, याचीही काळजी तिच्यात आहे.

आता २०१० सालचा हिशेब पाहा. त्या वर्षीच्या १,११० सभासदांपैकी ७०७ जणांनी एकही दावा केला नाही. निधीचा वर्षाचा हप्ता अडीच कोटी डॉलरच्या आसपास असे आणि त्या वर्षी एकाच दाव्याची रक्कम सुमारे १ कोटी २९ लाख डॉलर होती! ज्यांचे काही बिघडले नाही, त्यांच्या पैशातून दुसऱ्याची भिंत उभी राहिली.

पूर आणि भूकंप मात्र या निधीतून वगळलेले होते. म्हणजे १९९३ सालच्या किल्लारीसारखे संकट तिथे आले असते, तर हा निधी कामाला आला नसता. आपल्याकडे केंद्र सरकारचे वित्तीय नियम तर सांगतात, की सरकारी मालमत्तेचा विमा साधारणपणे उतरवूच नये; नुकसान सरकारनेच सोसावे. हाही एक स्वयं-विमाच, पण त्यासाठी वेगळी पेटी ठेवलेली नाही.

विस्कॉन्सिनची पेटी शेवटी का रिकामी झाली? सभासदत्व ऐच्छिक होते, हाच मला तिच्यातला कच्चा दुवा वाटतो. मोठ्या नुकसानींनी गंगाजळी आटली, हप्ते वाढले, तसे सभासद बाहेर पडू लागले. मागे उरणाऱ्यांवरचा भार त्यामुळे आणखी वाढतो, हे भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. २०१७ साली राज्याने कायदा करून निधी बंद केला. त्याच्या जुन्या नोंदी मात्र विमागणिताच्या पाठ्यपुस्तकात आहेत, आणि शाळांच्या त्या दाव्यांवर विद्यार्थी आजही गणिते सोडवतात.