नाट्यपटापासून चित्रपटापर्यंत : बाबूराव पेंटर यांच्या कलाजीवनाचे सूत्र

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचा उल्लेख चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार, यंत्रज्ञ आणि दिग्दर्शक अशा निरनिराळ्या नात्यांनी केला जातो. या विविधतेचे कौतुक करून थांबल्यास मात्र तिच्यामागील एकसूत्रता नजरेआड होते. हे सूत्र कोल्हापूरच्या कारागिरीच्या परंपरेत सापडते. कलाशाळेचे शिक्षण त्यांस लाभले नव्हते. मेस्त्री घराण्यात हाताने घडविणे आणि डोळ्याने पारखणे ही एकच विद्या होती.

संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळात बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीचा त्यांत समावेश होता. सपाट कापडावर राजवाड्याची वा अरण्याची खोली भासविणे हे या कलेचे मर्म होय.

चलच्चित्राचे आकर्षण दोघांसही होते. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तथापि स्वदेशी कॅमेरा बनविण्याचे काम बाबूरावांनी पूर्णत्वास नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल पुरविले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. संगीताच्या आश्रयाने वाढलेल्या कलेस पुढील पाऊल टाकण्यासाठीही एका गायिकेचाच आधार मिळाला, ही गोष्ट कोल्हापूरच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

‘सैरंध्री’ (१९२०) या चित्रपटात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. परंतु इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाचा बदल नेपथ्यात घडला. रंगविलेला पडदा रंगमंचावर खरा वाटतो, कारण प्रेक्षक दूर व एका जागी बसलेला असतो. कॅमेऱ्यापुढे त्याचा सपाटपणा उघडा पडतो. म्हणून पडदे रंगविण्यात वाकबगार असलेल्या या कलावंतानेच पडदा दूर सारून घनाकृती नेपथ्य उभारले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. छायाप्रकाशाचे जे काम पूर्वी कुंचला करी, ते आता दिवा करू लागला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटात हीच वास्तवदृष्टी पुराणकथा सोडून कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीत शिरली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृती शिष्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. पुढे बोलपट आला. बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. तरी त्यांच्या कर्तृत्वाचा ऐन बहर मूकपटाचाच. शब्दावाचून आकृतीने बोलावयाची ही कला होती, हे त्याचे एक कारण संभवते.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांचे मूल्यमापन पदव्या आणि आठवणी यांवर विसंबून राहण्याचा धोका आहे. पडदे, शिल्पे, भित्तिपत्रके आणि उरलेली चित्रपटखंडे ही साधने एकत्र ठेवून अभ्यासिली, तरच कारागीर आणि कलावंत यांच्यातील कृत्रिम भेद ओलांडून या कलाजीवनाचे यथार्थ स्वरूप समजू शकेल.