‘जान पहचान हो’ची गिटार : सर्फ संगीताचा नाद आणि मुंबईचे अनाम वादक

गोंडपिपरीच्या दक्षिणेकडे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात व त्यांची प्राणहिता होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. समुद्राशी या जंगलमुलखाचे नाते एवढेच. तरीही समुद्राच्या लाटांसाठी कॅलिफोर्नियात घडलेला गिटारचा एक नाद सुमारे साठ वर्षांपूर्वी हिंदी चित्रपटगीतांच्या वाटेने देशभरातल्या रेडिओंवर पोहोचला. हा धागा त्या नादाचा, तो ज्या चिमुकल्या भागातून निघतो त्या ‘पिकअप’चा, आणि तो मुंबईत वाजवणाऱ्यांचा.

साल १९६५. चित्रपट ‘गुमनाम’. दिग्दर्शक राजा नवाथे. याच मराठी दिग्दर्शकाने १९५३ साली राज कपूरचा ‘आह’ केला होता. संगीत शंकर-जयकिशन यांचे. चित्रपटात एका हॉटेलच्या रंगमंचावर मुखवटे घातलेले नर्तक येतात, लक्ष्मी छाया बेभान नाचते, रफींचा आवाज सुरू होतो : ‘जान पहचान हो’. गीत शैलेंद्रांचे. मात्र गाण्याचा कणा म्हणजे गिटारची खालच्या तारांवरची धावती, टणत्कारी फिरत. पाश्चात्त्य श्रोत्यांनी ती पुढे ऐकली तेव्हा त्यांच्या तोंडी एकच शब्द आला : सर्फ.

तो शब्द काटेकोरपणे लावला तर चुकतो, हे आधीच सांगितले पाहिजे. या गाण्यात पितळी वाद्ये आहेत, बोंगो आहेत, गाणारा कंठ आहे. अस्सल सर्फ संगीत बहुतांशी वाद्यांचेच असते. पण गिटारचा पोत तोच आहे. तो पोत येतो कुठून?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती घातलेले तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्र डळमळते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. शेतातल्या पंपाची मोटर रिवाइंड करणारा कारागीर जी मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतो, तिचीच ही फार नाजूक बहीण : ४२ गेज, जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याइतकी.

आता खरी मेख वेढ्यांच्या संख्येत आहे. वेढे वाढवले की आवाज जोरकस होतो, पण त्याबरोबर वरचे तीक्ष्ण उपस्वर मावळत जातात. वेढे कमी ठेवले तर आवाज दुबळा, पण काचेसारखा स्वच्छ. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील प्रत्येक पिकअपला एकच वेटोळे असे, सुमारे आठ हजार वेढ्यांचे. अशा एकेरी पिकअपचा एक जन्मजात दोष आहे : आसपासच्या विजेच्या तारांची घरघर तो मुकाट्याने उचलतो. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोडगा काढला. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की घरघर परस्परांत विरते. यालाच हंबकर म्हणतात. घरघर गेली, आवाज भरदार आणि मऊ झाला. आणि नेमकी तीच गोष्ट सर्फ वादकांना नको होती.

नको का होती, हे कळायला स्प्रिंगकडे वळावे लागते. १९६१ साली फेंडरने रिव्हर्बची एक स्वतंत्र पेटी बाजारात आणली. आत पोलादी स्प्रिंगा. एका टोकाकडून आवाज शिरतो, स्प्रिंगमधून आदळत-आपटत दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि ओल्या गुहेतल्यासारखा घुमतो. घरगुती ऑर्गनमध्ये देवळासारखा घुमारा यावा म्हणून हॅमंड कंपनीने ही युक्ती वापरली होती. त्याआधी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत अशा स्प्रिंगांनी लांब पल्ल्याच्या टेलिफोनमधला विलंब अभ्यासला गेला होता. टेलिफोन, ऑर्गन, मग गिटार. या स्प्रिंगेत जाड, मऊ आवाज सोडला तर चिखल होतो. तीक्ष्ण, चटकन उमटून चटकन विरणारा आवाज सोडला तर पाण्याचे थेंब टपकल्यासारखा परिणाम मिळतो. एकेरी पिकअप आणि स्प्रिंग यांची जोडी अशी जमली.

ती जोडी गाजवली डिक डेल या डावखुऱ्या वादकाने. वडिलांकडून तो लेबनीज वंशाचा होता, आणि घरातल्या चुलत्याचे ऊद वादन ऐकतच वाढला. १९६२ सालची त्याची ‘मिसिर्लू’ ही मूळची पूर्व भूमध्य सागराकाठची लोकधून. तिची स्वरांतरे आपल्या भैरव थाटाशी जुळतात : कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे म्हणून जगभर ओळखले गेलेले संगीत मुळात असे पौर्वात्य. डेलने जाड तारा वापरल्या, एकाच तारेवर विजेच्या वेगाने नखी चालवली आणि लिओ फेंडरच्या कारखान्यातले अ‍ॅम्प्लिफायर एकामागून एक जाळले. मग फेंडरने त्याच्यासाठी अधिक ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घडवला. वादकाने मागावे आणि कारखान्याने द्यावे, अशी ती निवड होती. १९५८ ची जॅझमास्टर आणि १९६२ ची जॅग्वार या गिटारीही याच वादकांनी आपल्याशा केल्या. जॅझमास्टरचे नाव जॅझचे, नशीब मात्र सर्फचे! तिचे पिकअप रुंद आणि चपटे. जॅग्वारच्या पिकअपभोवती दातेरी पोलादी पत्रा.

मुंबईत अशी निवड नव्हती.

१९५७ नंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईत आयात परवान्यांचा फास आवळला गेला होता. परदेशी गिटार हवी तर परवाना, परदेशी असलेला नातलग किंवा बोटीवर काम करणारा ओळखीचा माणूस. साठच्या दशकातल्या बीट बँडच्या पोरांनी गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतले, काहींनी स्वतः जोडले. हा केवळ भारतीय दारिद्र्याचा किस्सा मानू नये. ब्रिटननेही १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर बंदी ठेवली होती. लखनौला जन्मलेल्या क्लिफ रिचर्डने १९५९ साली अमेरिकेतून मागवलेली स्ट्रॅटोकास्टर हँक मार्व्हिनच्या हाती पडली आणि १९६० साली त्याच्या ‘शॅडोज’ या बँडची ‘अपाचे’ ही धून आली. भारतातल्या तरुण गिटारवादकांच्या कानांवर डिक डेलपेक्षा आधी आणि अधिक खोलवर ठसली ती ही धून. मुंबईच्या सर्फचा रस्ता कॅलिफोर्नियाहून सरळ आला नाही. तो लंडनवरून वळसा घेऊन आला.

लंडनचे आणखी एक उदाहरण या प्रश्नावर नेमके बोट ठेवते. १९६२ साली जेम्स बाँडची प्रसिद्ध धून व्हिक फ्लिकने वाजवली ती फेंडरवर नव्हे. पोकळ पोटाची ब्रिटिश गिटार, तिच्यावर मागाहून बसवलेला डी-आर्मंड पिकअप आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, एवढ्यावर तो टणत्कार उमटला. म्हणजे नाद केवळ कंपनीच्या शिक्क्यात नव्हता. एकेरी वेटोळे, घोडीजवळ जोरकस मारलेली नखी आणि खालच्या तारा, एवढे असले की बरेच साधते.

मुंबईच्या स्टुडिओंत हे साधणारे हात तयार होते, आणि त्यामागे एक विसरलेला धागा आहे. जगातली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे जॉर्ज बोशां यांनी १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये बनवलेली, नालेच्या आकाराच्या चुंबकाची ‘फ्राइंग पॅन’. ती उभी धरून वाजवायची नव्हती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची हवाईयन गिटार होती. लाटांवर स्वार होण्याचा खेळ हवाईचा आणि पिकअपचा पहिला वापरही हवाईयन वाद्यावर! भारतात इलेक्ट्रिक गिटार प्रथम रुजली ती याच आडव्या रूपात. चाळीसच्या दशकात टाउ मो हे हवाईचे वादक कोलकात्यात राहिले. पुढे व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून एचएमव्हीच्या तबकड्यांतून घरोघर पोहोचवल्या. शिपले यांनी तर स्वतःसाठी आठ तारांची गिटार घडवून घेतली. ‘गुमनाम’ येईपर्यंत पिकअपचा आवाज भारतीय कानाला अनोळखी राहिला नव्हता.

शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यात गोमंतकीय सेबॅस्टियन डिसूझा हे संगीत संयोजक होते आणि तालवाद्यांची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत. गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र, एकाच दमात ध्वनिमुद्रित होत असे. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. व्हायोलिनांचा मोठा समूह, पितळी वाद्ये आणि ताल यांच्या गर्दीतून एकट्या गिटारला वर यायचे तर आवाज धारदारच हवा. कॅलिफोर्नियात आवडीने निवडलेला पातळ, तीक्ष्ण नाद मुंबईत अशा रीतीने गरजेचाच होता.

श्रोत्याच्या बाजूलाही तसेच घडले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे गाणी परतली. लघुलहरींवरून खरखरत येणारे गाणे आणि ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा स्पीकर, यांत खर्जाचा बराचसा भाग गळून जातो. उरतो तो वरचा टणत्कार. स्टुडिओपासून शेकडो किलोमीटर दूर, जंगलाच्या कडेच्या एखाद्या ओसरीवर गाण्यातले काय शाबूत पोहोचले असेल, तर रफींचा आवाज आणि ही गिटार.

आज ज्याला तो नाद हवा आहे त्याच्यापुढे दुकाने खुली आहेत, पण जुना हिशेब बदललेला नाही. कमी वेढ्यांचा एकेरी पिकअप, रोध साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रणाचे चुंबक. स्वस्त गिटारींत सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. तिचा आवाज सहसा अधिक कडक येतो, पण तिला सरसकट नाक मुरडण्याचेही कारण नाही. ‘अधिक दमदार’ म्हणून विकले जाणारे, जास्त वेढ्यांचे पिकअप मात्र टाळावेत. रॉकसाठी ते उत्तम, स्प्रिंगेत मात्र गढूळ. जॅझमास्टरची टवटवी केवळ पिकअपची नाही. तिच्यात स्ट्रॅटोकास्टरच्या २५० किलोओहमऐवजी एक मेगाओहमचे नियंत्रक असतात, त्यामुळे वरचे स्वर कमी गळतात. आणि पिकअपवर पैसे ओतण्याआधी जाड तारा बसवून पाहाव्यात. निम्मा फरक तिथेच पडतो.

राहता राहिला प्रश्न वादकाचा. ‘जान पहचान हो’मध्ये पडद्यावर गिटारी घेऊन दिसतो तो टेड लायन्स यांचा ‘कब्ज’ हा बँड. त्याचे नाव नोंदले गेले आहे. पण पार्श्वसंगीताच्या पद्धतीत पडद्यावर वाद्य धरणारा आणि ध्वनिमुद्रणात ते वाजवणारा एकच असेल असे नसे. श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार, गायक आणि सहायक यांची नावे येत. वादक रोजच्या मेहनतान्यावर येत आणि जात. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ सालच्या ग्रंथात अशा अनेक वृद्ध वादकांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या, तोवर पुष्कळ जण निघून गेले होते.

२००१ साली टेरी झ्विगॉफ यांच्या ‘घोस्ट वर्ल्ड’ची सुरुवातच या गाण्याने झाली. २०११ साली ते एका बिअरच्या जाहिरातीत वाजले. जगभरच्या तरुण गिटारवादकांनी ती फिरत बोटांवर बसवली.

शंकर-जयकिशन यांनी १९६८ साली ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली, तेव्हा चित्र थोडे वेगळे होते. तिथे रईस खान यांच्या सतारीबरोबर इतर वादकांचीही नावे मिळतात : इलेक्ट्रिक गिटारवर अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, बास गिटारवर एडी ट्रॅव्हास, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. ‘घोस्ट वर्ल्ड’च्या ध्वनिमुद्रिकेवर मात्र ‘जान पहचान हो’पुढे एकच नाव आहे, मोहम्मद रफींचे.