ॲबिसिनियाच्या मोहिमेंतील सफरमैना

दिंद्रुडसारख्या मराठवाड्यांतील गांवीं विहीर आटली म्हणजे माणसांची व गुरांची काय अवस्था होते, हें कोणास सांगावयास नको. मग जेथें मुळीं विहीरच नाहीं, अशा वाळवंटी किनाऱ्यावर सबंध फौज उतरवावयाची, तर तिची तहान कोणीं भागवावी? १८६७ सालीं मुंबईच्या लष्करापुढें हाच प्रश्न उभा राहिला.

ॲबिसिनियाचा राजा थिओडोर यानें इंग्रज वकील कॅमेरॉन व इतर युरोपियन यांस कैदेंत टाकलें होतें. त्यांच्या सुटकेसाठीं मुंबई फौजेचे सरसेनापति सर रॉबर्ट नेपियर निघाले. सुमारें १३,००० लढवय्ये, त्यांच्या जवळजवळ दुप्पट बाजारबुणगे, हजारों खेचरें व उंट, आणि तोफा वाहावयास ४४ हत्ती, असा हा पसारा तांबड्या समुद्राकांठीं झुला येथें उतरला. तेथून मगदाला किल्ला सुमारें ४०० मैल दूर!

नेपियर हे मूळचे एंजिनियर. लढाई ही आधीं कुदळीनें जिंकावी लागते, हें ते जाणून होते. समुद्रांत धक्के बांधले गेले. आगबोटींवर खारें पाणी उकळून, त्याची वाफ निववून, गोडें पाणी मिळवूं लागले. तरीही आरंभीं तहानेनें व रोगानें पुष्कळ जनावरें मेलीं. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, सुमारें ११ मैल, निरनिराळ्या जातींचे जुने रूळ जोडून आगगाडी सुरू झाली. पुढें सुरू नांवाच्या अरुंद खिंडींत मुंबईच्या सफरमैनांनीं सुरुंग लावून खडक फोडले व गाडीवाट केली. याच सफरमैनांचें ठाणें पुढें पुण्याजवळ खडकीस स्थिरावलें.

अशी कित्येक महिने वाट बांधली गेली. मुख्य लढाई मात्र १० एप्रिल १८६८ रोजीं एका दुपारींच आटोपली. १३ एप्रिलला मगदाला पडला. थिओडोरनें आत्महत्या केली.

मोहिमेस सुमारें ९० लक्ष पौंड लागले. बहुतेक भार इंग्लंडनें उचलला. परंतु हिंदी फौजेचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतूनच गेला. परक्या भांडणाचा हा खर्च हिंदुस्थाननें कां सोसावा, असा सवाल दादाभाई नौरोजींनीं १८६७ सालींच लंडनमध्यें केला होता.

नेपियर ‘लॉर्ड नेपियर ऑफ मगदाला’ झाले. झुलाचे रूळ उखडून परत आणले गेले. ज्या हातांनीं वाळूंत पाणी व खडकांत वाट आणली, त्यांचीं नांवें मात्र किल्ल्याच्या नांवाबरोबर कोणीं जोडलीं नाहींत.